रद्द केलेले गुण

आम्ही दोघी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा चंद्रपुरात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या क्लासांच्या पाट्या नुकत्याच कुठे लागू लागल्या होत्या. त्यातली एक पाटी माझ्या मैत्रिणीच्या मोठ्या भावाची होती. जटपुरा गेटाच्या आत त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि दुकानावर एक माडी. त्या माडीवर तो आधी टायपिंग शिकवायचा. पुढे त्यानं टायपिंगची यंत्रं एका भिंतीला सरकवली आणि मोकळ्या झालेल्या जागेत कॉम्प्युटर मांडले. खाली तिचे अब्बा आणि अम्मी बांगड्या विकत, वर हा पोरांना कीबोर्डवर बोटं कशी ठेवायची ते शिकवी. घरात सगळे त्याला भाईजान म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

मी भद्रावतीची. बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीत होते आणि आम्ही फॅक्टरीच्या कॉलनीत राहायचो. सकाळच्या एसटीनं कॉलेजात यायचं, संध्याकाळच्या एसटीनं परत जायचं, असं माझं चार वर्षं चाललं. वर्गात मुली मोजक्याच. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत जोड्या लावल्या त्यात ती माझ्या वाट्याला आली, आणि मग आम्ही ती जोडी कधी मोडलीच नाही. गणितात तिचा हात कोणी धरत नसे. सर फळ्यावर अर्ध्यात असायचे तोवर तिचं उत्तर वहीत लिहून झालेलं असायचं. पण दहावीपर्यंत ती उर्दू शाळेत शिकलेली, त्यामुळे इंग्रजीचं पान समोर आलं की तिचा चेहराच पडायचा. माझं बरोबर उलटं. कॉलनीच्या क्लबातल्या वाचनालयात जुनी इंग्रजी मासिकं पडलेली असत, ती मी लहानपणापासून उपसत आले होते. गणितात मात्र मी पासापुरती.

आमच्या पुढच्या वर्गातली ऊर्जानगरची एक मुलगी त्या वर्षी एम.एस. करायला अमेरिकेला गेली. जाताना तिनं तिची शब्दांची जाडजूड पुस्तकं आणि प्रवेश परीक्षेच्या सरावाची एक सीडी आम्हाला देऊन टाकली. आपणही जायचं, हे आमच्यापैकी आधी कोण म्हणालं ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की एकटीनं जायचा विचार दोघींपैकी कुणाच्या मनात आला नव्हता. जाऊ तर दोघी, एकाच विद्यापीठात, एकाच खोलीत राहू आणि भात मी लावीन, पोळ्या ती करील, इथपर्यंत आमचं ठरलं होतं.

दुपारी एक ते चार भाईजानच्या क्लासला सुट्टी असायची. त्या वेळात एक कॉम्प्युटर आम्हाला मिळाला. सीडी घातली, पडद्यावर पहिला प्रश्न आला, आम्ही उत्तर दिलं आणि दुसरा आला. कागदावरच्या परीक्षेत निदान अवघड प्रश्न सोडून पुढे जाता येतं. इथं उत्तर दिल्याशिवाय पुढचा प्रश्नच उघडत नव्हता, आणि एकदा पुढे गेलं की मागे यायची सोय नव्हती. शेवटी पडद्यावर गुण आले तेव्हा मी आमची बरोबर उत्तरं मोजली. त्या गुणांशी त्यांचा काही मेळ बसेना. मी म्हणाले, सीडी खराब दिसते.

तिनं सूचनांचं पान उघडून वाचलं, डिक्शनरी मांडीवर घेऊन दोनदा वाचलं, आणि मग मला समजावलं.

"अम्मी कशी करते, पाह्यलं ना तू? बाईचा हात हातात घेतला की आधी मधल्या मापाची बांगडी चढवते. सरकन गेली तर त्याहून लहान घेते. अडकली तर मोठी घेते. दोन-चार बांगड्यांतच माप समजते. दुकानातल्या साऱ्या बांगड्या काऊन चढवून पाह्याच्या?"

ती परीक्षा तशीच चालायची. पहिला प्रश्न मध्यम. तो बरोबर आला की पुढचा त्याहून अवघड, चुकला तर सोपा. असं खालीवर करत करत यंत्र तुमची पायरी शोधायचं. त्यामुळे किती प्रश्न बरोबर आले याला तितकं महत्त्व नव्हतं, कुठल्या पायरीवरचे बरोबर आले याला होतं. खालच्या पायरीवरच्या मुलाची पुष्कळ उत्तरं बरोबर येऊनही त्याचे गुण कमीच राहत. वरच्या पायरीवरच्या मुलीची बरीच चुकली तरी तिला गुण भरपूर मिळत, कारण ती चुकली ते प्रश्नच तसे होते. सुरुवातीच्या प्रश्नांवर यंत्र मोठमोठ्या उड्या मारतं आणि नंतर बारीक पावलं टाकतं, म्हणून सुरुवातीला चुकू नये, असंही आम्ही कुठंतरी ऐकलं होतं. ते कितपत खरं होतं कोण जाणे. पण आम्ही ते पक्कं धरून ठेवलं होतं.

यातून एक गोष्ट आपोआप ठरली. प्रश्न अवघड येऊ लागले की समजायचं, बरं चाललं आहे. सोपे येऊ लागले की घाबरायचं. सगळ्या शाळा-कॉलेजात जे शिकलो त्याच्या हे नेमकं उलट होतं, आणि तेच आम्हाला भारी आवडलं. एखादा न समजणारा प्रश्न आला की ती खूष होऊन माझ्या दंडाला चिमटा काढायची.

आम्ही एका बाकड्यावर दोघी बसायचो. कूलर आमच्याकडे वळवलेला, तरी उन्हाळ्यात माउस हातातून निसटायचा इतका घाम. भाषेचा भाग आला की माउस माझ्या हाती. गणित आलं की तिच्या. तर्काच्या कोड्यांना दोघींची डोकी एकत्र लागायची. ती कागदावर चौकटी आखायची आणि मी अटी वाचून दाखवायचे. यंत्राला काय कळणार की समोर दोघी बसल्या आहेत. ते आपलं वर वर चढत जायचं. भाषेत ते अशा ठिकाणी येऊन पोचायचं की जिथं मीही थांबायचे आणि अंदाजानं ठोकायचे. गणितात तिच्यामुळे तसंच. शेवटी जे गुण पडद्यावर यायचे ते पाहून आम्हाला हसू आवरत नसे. तसे गुण मिळाले तर फी माफ होते, वर महिन्याला पैसे मिळतात, असं त्या ऊर्जानगरच्या मुलीनं सांगितलं होतं.

एकदा भाईजान जेवून वर आला आणि आमच्या मागे उभा राहून गुण पाहू लागला. म्हणाला, "हे नंबर कोणाचे धरायचे मंग? हिचे का तुहे?"

"दोघींचे," ती म्हणाली.

तो हसला आणि पंखा चालू करायला गेला. आम्हीही हसलो. तिथंच ते संपलं.

एका दिवशी एसटी बंद होत्या म्हणून मला येता आलं नाही. त्या दिवशी ती एकटी बसली. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली की भाषेत अगदीच खाली गेले गुण, सांगायची लाज वाटते. मी विचारलं, मधे लाईट गेली होती का? गेली होती, ती म्हणाली. चंद्रपूरला सगळ्या राज्याला वीज पुरवणारं केंद्र आहे आणि चंद्रपुरातच दुपारी लाईट जायची, यावर आम्ही थोडं बोललो, आणि त्या कमी गुणांचं खापर लोडशेडिंगवर फोडून मोकळ्या झालो. पण ती घाबरली होती. त्या दिवसापासून तिनं शब्द पाठ करायला घेतले.

ते शब्द तिनं कसे पाठ केले हे मी पाहिलं आहे. बसस्टँडवर मला सोडायला यायची तेव्हा भद्रावतीची गाडी लागेपर्यंत आम्ही बाकावर बसून शब्द घोकायचो. नुसते पाठ करून तिच्या लक्षात राहत नसत, म्हणून आम्ही प्रत्येकाला काहीतरी आपलं जोडायचो. 'एनर्व्हेट' हा शब्द ऐकायला 'एनर्जी'सारखा, अर्थ मात्र गळून जाणं. मे महिन्यातल्या दुपारी एसटीतून उतरल्यावर माझी जी अवस्था असायची ती एनर्व्हेट. माझ्या आईचं माहेर वैनगंगेकाठी, तिथं ढिवरांच्या अंगणात मासोळ्या वाळत घातलेल्या असत, ते डेसिकेट. बँकेत परीक्षेच्या फीचा डॉलरमधला ड्राफ्ट काढायला बाबा गेले तेव्हा तिथला एक साहेब काही केल्या ऐकेना, असा ड्राफ्ट इथं निघतच नाही म्हणाला. शेवटी नागपूरला जावं लागलं. तो साहेब म्हणजे ऑब्ड्युरेट. असे शेकडो शब्द. पावसाळा संपेपर्यंत पुस्तकाची अर्धी पानं तिची झाली होती.

पण तोपर्यंत सीडीवरच्या परीक्षा संपल्या होत्या. पुन्हा लावल्या तर तेच प्रश्न फिरून यायचे, उत्तरं आम्हाला आधीच माहीत, आणि यंत्र आपलं बिचारं वर चढत जायचं. त्या गुणांना काही अर्थ नव्हता हे आम्हाला समजत होतं. तरी परीक्षा जवळ आली तशा आम्ही त्या लावतच राहिलो, कारण शेवटचा आकडा पाहिला की धीर यायचा. ती एकटीनं पुन्हा कधी बसली नाही. मी तर एकदाही बसले नव्हते.

परीक्षा हैदराबादला होती. चंद्रपूरहून मुंबईपेक्षा तेच जवळ. दोघींना एकाच दिवसाची जागा मिळाली होती. बाबांना रजा मिळेना म्हणून भाईजान आमच्याबरोबर आला. अम्मीनं तिला आणि मला दोघींना हिरव्या बांगड्या भरल्या, आणि माझ्या आईनं चिवडा दिला. गाडीत आम्ही शब्द घोकले नाहीत. तिकडे गेल्यावर काय काय लागेल याची यादी करत बसलो.

परीक्षेची जागा एका उंच इमारतीत होती. आत इतका गारवा की आम्हाला ओढण्या गुंडाळून घ्याव्या लागल्या. टाय लावलेल्या एका माणसानं पासपोर्ट पाहिले, पिशव्या कपाटात ठेवायला लावल्या, आणि एकेकीला आत नेलं. दोन कॉम्प्युटरांच्या मधे लाकडी आडोसा होता. मला तिची फक्त ओढणीची कड दिसत होती, तीही ती पुढे वाकली की दिसेनाशी व्हायची.

माझं काय झालं ते आधी सांगते. भाषेचा भाग बरा गेला. गणित सुरू झालं आणि पहिल्याच प्रश्नाला माझा हात आपोआप बाजूला झाला, तिला माउस द्यायला. तसा तो बाजूला गेलेला मला दिसला आणि मी तो परत माउसवर ठेवला. पुढचं गणित मी एकटीनं सोडवलं, जमेल तसं. प्रश्न सोपे सोपे होत गेले हे मला कळत होतं. तिच्या शेजारी बसून मी किती दिवस तिची गणितं नुसती पाहत आले होते, हेही तेव्हाच कळलं.

सगळं संपल्यावर पडद्यावर एक प्रश्न आला. गुण हवे असतील तर ते दाखवले जातील आणि कायमचे नोंदले जातील. नको असतील तर इथेच रद्द करा; मग ते कुणालाच दिसणार नाहीत, तुम्हालाही नाही. आधी पाहून मग ठरवायची सोय नव्हती. मी फार विचार न करता गुण मागितले. भाषेत चांगले होते. गणितात इतके कमी की इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीनं कुणाला दाखवू नयेत.

मी बाहेर आले तर ती आधीच येऊन बसली होती. भाईजान तिच्यासाठी चहा आणायला खाली गेला होता. मी जवळ बसल्यावर ती म्हणाली, "मी रद्द केले."

मला आधी समजलं नाही. समजल्यावर मी विचारलं, काऊन?

तिनं शांतपणे सांगितलं. भाषेचा पहिला प्रश्न तिला आला. दुसरा आला. तिसराही. मग ती वाट पाहू लागली, की आता अडणार, आता अडणार. आमच्या माडीवर भाषेच्या भागात ती अडायची जागा नेहमी यायची. तिथं मीसुद्धा थांबायचे आणि मग तिला समजायचं की आपण वर पोचलो. इथं ती जागा येईचना. एखाददुसरा प्रश्न सोडला तर सगळं तिला येत होतं. तेव्हा तिची खात्री झाली की सुरुवातीलाच काहीतरी चुकलं आणि यंत्रानं तिला खाली नेऊन बसवलं, आणि आता ते तिच्यापुढे खालच्या पायरीवरचे प्रश्न टाकतंय. मन तिथंच खचलं. नंतर गणितात खरोखरच अवघड प्रश्न आले, पण तोवर लक्ष उडालं होतं, वेळ पुरला नाही, शेवटचे काही तिनं न वाचताच ठोकले. भाषा गेली, गणितही गेलं, असे गुण कायमचे नावावर कशाला लावून घ्यायचे, असा विचार करून तिनं रद्दवर क्लिक केलं.

भाईजान चहा घेऊन आला. त्याला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला की ठीक आहे, पुन्हा देता येते ना. देता येत होती.

परतीच्या गाडीत आम्ही खिडकीपाशी समोरासमोर बसलो होतो. भाईजान पलीकडे पेपर वाचत होता. काझीपेठ गेलं. मी विचारलं, "भाषेत काय काय आलं होतं?"

"काई विशेष नाई. सोपंच होतं सारं. तेच तर सांगून राह्यली तुले."

"तरी. शब्द कोणते?"

ती आठवून सांगू लागली. एनर्व्हेटचा विरुद्धार्थी. डेसिकेट होता. तो बँकेतला साहेब होता. मग आणखी दोन-तीन तिनं सांगितले, बोटं मोडत, कंटाळल्यासारखी. मी मात्र सरळ होऊन ऐकू लागले. आमच्या सीडीवर परीक्षा संपली की प्रत्येक प्रश्नापुढे त्याची पायरी लिहून यायची. ती सांगत होती ते शब्द मी तिथं पाहिले होते. ते सगळे अगदी वरच्या पायरीवरचे होते.

मी म्हणाले, "हे सोपे नव्हते वं. हे वरचे आहेत. सोपे नव्हते, तुले येत होते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. भाईजाननं पेपर खाली केला. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. काय बोलून बसले हे तिचा चेहरा पाहून मला कळलं. ती खिडकीकडे वळली. बाहेर कापसाची शेतं चालली होती. गोदावरीचा पूल येऊन गेल्यावर तिनं तोंड न वळवता विचारलं, "तुले पक्कं माहीत आहे?"

पाच-सहा शब्दांवरून पक्कं कसं सांगणार? तितके वरचे प्रश्न यंत्रानं कुणाला उगाच दिले नसते, हे खरं. पण बाकीचे काय होते, गणितात शेवटी किती बिघडलं, हे मला ठाऊक नव्हतं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "मंग आता काई नको सांगू."

बल्लारशा येईपर्यंत ती झोपली होती, किंवा डोळे मिटून बसली होती.

त्यानंतर भाईजाननं तिला कितीदा तरी म्हटलं की पुन्हा दे. मीही म्हटलं, आपण परत बसू, या वेळी एकेकटीनं. फीचं तिच्या घरी पाहिलं असतं कसंतरी, तो प्रश्न नव्हता. ती तयार होईना. अब्बांनासुद्धा नाही म्हणाली. एकदा दुकानात आम्ही दोघीच होतो, ती काउंटरवर बांगड्यांचे डबे लावत होती, तेव्हा मी जरा जोर केला. ती डबे लावायची थांबली.

"समज, पुन्हा दिली अन् खरंच कमी आले," ती म्हणाली. "मंग काय करू?"

मी पुढचा डबा उचलून तिच्या हाती दिला. गुण रद्दच होते तोवर ते चांगले असायची निदान शक्यता होती. मी गाडीत जे सांगितलं त्यानं तिला ती शक्यता दिली होती, आणि ती आता तिला सोडवत नव्हती. वर्षभर गेलं, दोन वर्षं गेली. परीक्षेचा नमुनाही मधे बदलला. आमची सीडी आणि पुस्तकं दोन्ही जुनी झाली.

मी अर्ज केले होते. दोन ठिकाणांहून नकार आला. एका ठिकाणी प्रवेश मिळाला, पण फीची सवलत नाही. बाबा फंड काढतो म्हणाले. मी त्यांना नको म्हटलं आणि ते फार आग्रह न करता गप्प बसले, तेव्हा मला वाटलं की त्यांनाही सुटल्यासारखं झालं. पुढे गडचिरोलीच्या तंत्रनिकेतनात शिकवायची नोकरी लागली. तिकडे नोकरी लागली म्हटलं की लोक हळहळत. मला मात्र ते गाव आवडलं. सकाळी पोलिसांच्या गाड्या रस्त्यानं निघून गेल्या की पुढचा सगळा दिवस शांत असायचा, आणि मुलं लांब लांबच्या गावांहून, कुणी पहाटेची एसटी धरून, कुणी सायकलीनं, वेळेवर येऊन बसायची.

ती भाईजानच्याच क्लासात गणित शिकवू लागली. त्या माडीवर पोरांची रांग लागायची असं मी ऐकत होते. मग राजुऱ्याच्या एका शिक्षकाशी तिचं लग्न झालं आणि तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात तिला जागा मिळाली. लग्नाला मी होते. नंतर आमच्या भेटी ईदला, दिवाळीला, तेवढ्या. परीक्षेविषयी आम्ही बोलायचो नाही. दुसरं बोलायला पुष्कळ असायचं.

तिचा मुलगा चालायला लागला होता त्या वर्षी मी ईदला राजुऱ्याला गेले. जेवणं झाली. तिचा नवरा मुलाला घेऊन शेजारी गेला. आम्ही दोघी स्वयंपाकघरात ताटं पुसत होतो. टीव्हीवर अमेरिकेतलं काहीतरी चाललं होतं, आवाज इथपर्यंत येत होता. एकदम ती म्हणाली की मागच्या वर्षी तिनं ती परीक्षा पुन्हा द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. नागपूरला चौकशीही करून आली होती.

मी विचारलं, आता कशाला?

"जायचं नव्हतं कुठी. नुसतं पाह्यासाठी." तिनं ताट मांडणीवर उभं केलं. "मंग ध्यानात आलं, आता दिली तर आताचे गुण येतील. तेव्हाचे थोडीच येतील."

मी पुसत राहिले.

"अमेरिका गेली खड्ड्यात," ती म्हणाली. "माह्यं इथी वाईट काई नाई चाललं. पण मले ते समजाले पाह्यजे होतं. मी किती होती ते."

इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलत होती. मला वाटलं, मी त्या दिवशी गाडीत गप्प बसले असते तर तिनं ती परीक्षा वाईट गेली असं धरून चार दिवस रडून घेतलं असतं, पुन्हा दिली असती आणि कदाचित गेलीही असती. किंवा नसती गेली. आणि मी बोलले ते तर खरंच होतं. हे मी मनात किती वेळा मांडून पाहिलं आहे, दर वेळी ते वेगळ्याच ठिकाणी जाऊन थांबतं.

मग तिनं विचारलं, "तुहे किती होते वं? तू सांगितलेच नाई कधी."

तिनं कधी विचारलं नव्हतं म्हणून मी सांगितले नव्हते. आता सांगितले. भाषेचे ऐकून तिनं भुवया वर केल्या. गणिताचे ऐकल्यावर तिच्या हातातलं फडकं थांबलं.

"एवढे कमी? अगं, मी बाजूले असती तर..."

आणि ती हसली, मीही हसले. पण ते हसू लवकर ओसरलं. ती नळ सोडून वाटीतल्या चिकटलेल्या शीरखुर्म्याला बोटानं खरवडू लागली. मी उरलेले पेले पुसून घेतले. तिचा नवरा परत आला, मुलगा त्याच्या खांद्यावर झोपला होता. चंद्रपूरची गाडी आता निघेल म्हणाला, तिथून गडचिरोलीची मिळायची तर हीच धरावी लागेल. तिनं डब्यात शेवया भरून दिल्या आणि मला दारापर्यंत सोडायला आली.